सतरा नंबरचा खण

“हे पाकीट हलकं लागतंय,” बुर्गी म्हणाली. तिने ते तळहातावर तोलून पाहिलं, आत नोटा नसून मसूर असावी तसं.

“सगळीच हलकी आहेत,” हेर्मिने म्हणाली. “प्रत्येकात दहावा हिस्सा कमी.”

“ते माहितेय मला. मी म्हणते, लोक हातात घेतील तेव्हा त्यांनाही असंच लागणार.”

बुर्गीच्या खाणावळीच्या मागच्या खोलीत, मेणकापड घातलेल्या टेबलावर पाकिटं ओळीने मांडली होती. पाकिटांवर नावं नव्हती, नुसते नंबर होते. बचत मंडळात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर पाठ. मधल्या दारातून भाजत्या डुकराच्या मांसाचा आणि शहाजिऱ्याचा वास येत होता. थोड्या वेळाने बाहेरचं दालन भरणार होतं. नाताळाआधीच्या या एका संध्याकाळसाठी खोऱ्यातली माणसं वर्षभर पेटीत पैसे टाकत आली होती.

पेटी बाहेर, बिअरच्या नळाशेजारी भिंतीला ठोकलेली होती. हिरवी, लोखंडी, चाळीस खणांची. प्रत्येक खणाला एक अरुंद खाच. दर शुक्रवारी यायचं, एक ग्लास घ्यायचा आणि आपल्या खणात काहीतरी टाकायचं. एखाद्या आठवड्याला खण रिकामा निघाला तर दंड. त्या दंडातून वर्षाअखेरच्या जेवणाचं सूप व्हायचं, आणि फेर्डल खाटीक दरवर्षी पहिला चमचा तोंडात घालून विचारायचा, “आज आपण कोणाचा आळस पितोय?”

पूर्वी पेटीतले पैसे बँकेत जायचे आणि डिसेंबरात थोडं व्याज बरोबर घेऊन परत यायचे. मग व्याज आटत गेलं. शेवटी शेवटी तर सगळ्या मंडळाच्या वर्षभराच्या व्याजात एका टेबलाची बिअरही येईना. तेव्हा खजिनदार हेर्मिने झेख्नर वार्षिक सभेत उभी राहिली होती. तोवर सभेत तिने हिशेब वाचण्यापलीकडे कधी तोंड उघडलं नव्हतं.

ती अठ्ठावन्न वर्षांची होती, एकटी राहायची, चौकातल्या औषधांच्या दुकानात काउंटरमागे तिची सगळी वर्षं गेली होती. चाळिशीपासून ती दर पगाराचा एक तुकडा एका फंडात टाकत आली होती. त्या एका फंडात जगभरच्या कंपन्यांचा थोडा थोडा वाटा होता, आणि जोडीला काही सरकारी कर्जरोखे. टाकायचं आणि विसरायचं. बाजार कोसळल्याची बातमी आली की काही गिऱ्हाइकं रक्तदाबाच्या गोळ्या लवकर न्यायला यायची. हेर्मिने शांतपणे बिल करायची. तिने कधी काही विकलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत तो पैसा दुपटीच्याही पुढे गेला होता.

सभेत तिने आकडे सांगितले नव्हते. तिने स्वतःच्या परसाबद्दल सांगितलं होतं. “माझ्याकडे जर्दाळू आहे, नाशपाती आहे, आलुबुखार आहे, अक्रोड आहे. एप्रिलमध्ये उशिराचा गारठा आला की जर्दाळूचा मोहोर करपतो. पण नाशपाती तेव्हा फुललेलीच नसते. कुठल्याच वर्षी सगळं जात नाही.”

लोकांना ते पटलं. प्रत्येकाच्या परसात तीच झाडं होती. ठरलं की अर्धे पैसे बँकेत ठेवायचे आणि अर्धे फंडात. त्या डिसेंबरात प्रत्येकाच्या पाकिटात टाकल्यापेक्षा जास्त निघाले. फेर्डलने दुकानातून सॉसेजची लांबलचक माळ आणून हेर्मिनेच्या गळ्यात घातली होती, आणि सगळ्या दालनाने टाळ्या वाजवल्या होत्या. तिच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्याचं तिला त्याआधीचं काही आठवत नव्हतं. शाळेतलंही नाही.

“अर्धेच का?” फेर्डल तेव्हा टेबलावर हात आपटत म्हणाला होता. “पुढच्या वर्षी सगळेच घाल, हेर्मी. जर्दाळू काय अर्धंच लावतात?”

आणि गळ्यात ती माळ, कोटाला धुराचा आणि लसणाचा वास, अशी ती हसली होती. नाही म्हणाली नव्हती. या वर्षी पेटीतले सगळेच पैसे फंडात गेले होते.

“ऐक माझं,” बुर्गी आता म्हणाली. ती खाणावळीची मालकीण, आणि मंडळाची अध्यक्षही. फंड विकल्याच्या कागदावर दुसरी सही तिचीच होती. “कमी पडलेत ते चार हजार युरो आपण दोघी घालू. थोडे मी, थोडे तू. कोणाला कळतंय?”

“मला कळतंय.”

“तुझं कळणं आज जेवायला बसणार नाही. फेर्डल बसणार आहे.”

“नको, बुर्गी. मी सांगेन त्यांना.”

“मग पोट भरल्यावर सांग. सूप झाल्यावर सांगू नकोस. माणूस उपाशी असला की जास्त ऐकू येतं त्याला.” ती उठली. “रस्सा ढवळून येते. भांड्याला लागला तर तोही तुझ्याच नावावर जाईल आज.”

दार लोटलं गेलं. हेर्मिनेने तेवीस नंबरचं पाकीट उचललं.

तेवीस म्हणजे रूपर्ट. रूपर्ट क्रानाबेटर हा रेल्वेतून निवृत्त झालेला गँगमन होता. तिच्या वडिलांच्या बरोबरीने त्याने रूळ टाकले होते, बर्फ उपसला होता. एकाची पाळी असली की दुसरा त्याच्या खणात त्याचं नाणं टाकायचा, म्हणजे दंड बसत नसे. सतरा नंबर तेव्हा वडिलांचा होता, आता तिचा. मंडळात सगळेच एकमेकांना अरेतुरे करायचे, तसा नियमच होता, पण रूपर्टला हेर्मिनेच्या तोंडून ‘तुम्ही’च यायचं.

वसंत ऋतूत त्याची बायको आग्नेस गेली. कबरीवर पहिलं वर्ष लाकडी क्रूसच असतो. माती बसायच्या आधी दगड ठेवला तर तो कलतो. तेव्हापासून रूपर्ट दर शुक्रवारी नाण्यांऐवजी नोटा टाकू लागला होता. नोट लांबीला दोनदा दुमडून, आगगाडीच्या जुन्या तिकिटासारखी अरुंद करून तो ती खाचेत सरकवायचा आणि वर लोखंडावर तळहाताची एक थाप मारायचा. “आग्नेससाठी दगड,” एवढंच एकदा त्याने सांगितलं होतं. “काळा नको म्हणायची ती. काळ्यात माणसाला स्वतःचंच तोंड दिसतं.” करड्या दगडाला दोन हजार लागणार होते. त्याच्या खणात वर्षभरात तेवढेच जमले होते.

पाकिटात आता अठराशे होते.

हेर्मिनेने पर्समधून शंभराच्या दोन नोटा काढल्या. त्या तिने सकाळीच बँकेतून आणल्या होत्या, म्हणजे हे तिने आत्ता ठरवलं नव्हतं. नोटा आत घातल्या आणि पाकीट चिकटवलं. जिभेवर डिंकाची गोडसर चव राहिली. तिला थोडं हलकं वाटलं, आणि ते वाटल्याबद्दल लगेच लाजही वाटली. जखमेवर फुंकर घालून आपण ती धुतली असं समजण्यासारखं होतं ते.

सूपही झालं आणि मांसही झालं. भोपळ्याच्या बियांचं काळं तेल घातलेल्या कोबीच्या थाळ्या फिरल्या. हेर्मिनेच्या पानातला डंपलिंग तसाच होता. फेर्डलचा नेहमीचा प्रश्न विचारून झाला होता. मग बुर्गीने चमच्याने ग्लासवर टिचकी मारली आणि हेर्मिने उभी राहिली.

तिने चार वाक्यं पाठ केली होती. त्यातली दोनच आठवली.

“शरद ऋतूत बाजार पडला,” ती म्हणाली. “आपण जेवढे टाकले त्यापेक्षा एक दहांश कमी झालेत. ज्याने हजार टाकले त्याला नऊशे मिळतील. सगळ्यांना सारखंच.”

कोणाची तरी सुरी बशीवर घासली गेली. टाइल्सच्या शेगडीजवळच्या टेबलावरून कोणीतरी शेजारच्या म्हातारीच्या कानात मोठ्याने सांगितलं, “कमी मिळणार आहेत.” म्हातारी म्हणाली, “काय कमी? डंपलिंग?” दोघंतिघं हसले आणि थांबले.

“माझ्या खणात तर मी पूर्ण टाकलेत,” फेर्डल म्हणाला. “खणाला भोक पडलं होतं का?”

“नाही.”

“मग? ती झाडं कुठं गेली तुझी? जर्दाळू गेला तरी नाशपाती राहते म्हणाली होतीस.”

“कधी कधी सगळंच एकदम खाली येतं. थोड्या काळासाठी. थांबलं की…”

“थांबलं की काय?”

“थांबलं की परत वर येतं.”

“असं?” फेर्डल चाळीस माणसांकडे वळला. “ऐकलंत का. नाताळाला निरोप पाठवा, जरा थांब म्हणावं.”

यावर सगळे हसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हेर्मिनेच्या मानेपासून कानापर्यंत गरम झालं. ती म्हणाली होती ते खरं होतं. पैसा थांबू शकला असता तर वर आला असता, हे तिला औषधाच्या मात्रेइतकं नक्की माहीत होतं. पण ते आता तिच्या तोंडून निघालं की बिल चुकवणाऱ्याच्या सबबीसारखं वाजत होतं.

आणि एक गोष्ट तिने सांगितली नाही. अशा फंडात फक्त तोच पैसा घालावा ज्याची पुढची बरीच वर्षं गरज नाही, हा त्यातला पहिला धडा होता. तो तिला येत होता. तिच्या स्वतःच्या पैशाला डिसेंबर नव्हता. तो कितीही हिवाळे थांबू शकत होता. पेटीतल्या पैशाला मात्र दरवर्षी ठरलेल्या दिवशी, डुकराचं मांस भाजून व्हायच्या आत, परत यायचं होतं. दुकानात ती दिवसभर लोकांना सांगायची, हे जेवणानंतर घ्या, हे दुधाबरोबर नको, हे घेऊन गाडी चालवू नका. मंडळाला एवढं एक वाक्य तिने सांगितलं नाही. कारण तेव्हा गळ्यात सॉसेजची माळ होती.

रोख पैसे हातात हवेत म्हणून आठवड्यापूर्वीच सगळं विकावं लागलं होतं. विकायला याहून वाईट वेळ नव्हती, आणि दुसरी वेळही नव्हती.

“म्हणजे दोन हजाराचे अठराशे,” कोपऱ्यातून रूपर्ट म्हणाला. तक्रार नव्हती. स्टेशनावर गाडी किती उशिरा आहे हे ऐकून घ्यावं तसं त्याने ते ऐकून घेतलं होतं.

“हो,” हेर्मिने म्हणाली, आणि तिला त्याच्याकडे पाहता आलं नाही.

पाकिटं वाटताना बुर्गी तिच्याबरोबर टेबलाटेबलापाशी फिरली. एरवी लोक पाकीट घेताना गालाला गाल लावत, नाताळच्या शुभेच्छा देत. आज “धन्यवाद” म्हणाले. सगळे म्हणाले, फेर्डलसुद्धा. फेर्डलने पाकीट न उघडता खिशात घातलं आणि हळूच म्हणाला, “सगळे घाल असं मीच ओरडलो होतो ना गं?”

“हो.”

“मग जरा कमी लाल हो. लोकांना वाटेल मी चिमटा काढला.” पण तो हसला नाही.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या रूपर्ट आला. त्याच्यामागे एक बाई नाक पुसत उभी होती, तिच्यामागे पोस्टातला माणूस. रूपर्टने टोपी काढून काउंटरवर ठेवली.

“खोकला आहे का?” हेर्मिनेने विचारलं.

“नाही.” त्याने आवाज खाली आणला. “पोरी, माझ्या पाकिटात चूक झालीय.”

“चूक नाही झालेली.”

“मग जास्तच वाईट.” त्याने टोपी उचलली. खाली शंभराच्या दोन नोटा होत्या, लांबीला दुमडलेल्या. “सगळ्यांना सारखंच, असं तू म्हणालीस. चाळीस माणसांसमोर.”

“दगडासाठी कमी पडतील. घ्या तुम्ही. कोणाला माहीत नाही.”

“मला माहितेय.”

तिने नोटा त्याच्याकडे सरकवल्या. त्याने परत सरकवल्या. मागची बाई नाक पुसायची थांबली होती. पोस्टातला माणूस दातांच्या ब्रशांकडे इतकं लक्ष देऊन बघत होता की तो ऐकतोय हे उघड होतं.

“इथे नको,” रूपर्ट पुटपुटला. त्याने नोटा कोटात घातल्या. “पण हे पैसे माझे नाहीत. एवढं लक्षात ठेव.”

तो वळणार, इतक्यात हेर्मिने म्हणाली, “रूपर्ट, मला माहीत होतं.”

“काय?”

“एका वर्षात परत हवा असलेला पैसा तिथे घालत नाहीत. हे मला आधीपासून माहीत होतं. पहिल्या वर्षीही. मी बोलले नाही.”

रूपर्टने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या पांढऱ्या भुवया दोन्ही बाजूंना वाढून लोंबत होत्या. त्या आग्नेस कापायची.

“का नाही बोललीस?”

“सगळे टाळ्या वाजवत होते.”

त्याने टोपीची कड बोटांनी सरळ केली. मग टोपी डोक्यावर चढवत म्हणाला, “मीही वाजवल्या होत्या.” आणि मागच्या बाईला जागा करून देत, “या बाई, हिच्याकडून घ्या. औषधातलं हिला कळतं,” असं म्हणून गेला.

त्याच्या मनात टोमणा नव्हता. दिवसभर तिला ते टोमण्यासारखंच लागत राहिलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या सभेला ती गेली नाही. पद सोडल्याचं तिने बुर्गीला फोनवर सांगितलं. नवा खजिनदार म्हणून फेर्डलला निवडलं, पैसे पुन्हा बँकेत ठेवायचं ठरलं, व्याज येवो न येवो. शुक्रवारी ती दुकानातून घरीच जाऊ लागली. खाणावळीवरून जाणारा रस्ता टाळायचा म्हणून नदीकडून, बर्फातून लांबचा वळसा घ्यायची. खण रिकामा राहणार, दर आठवड्याला दंड लागणार, हे तिला माहीत होतं. लागू दे, असं तिने ठरवलं. पुढच्या वर्षीचं सूप तिच्या नावाचं झालं तर ते बरोबरच होतं.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवास, सुरू होईतो बाजार परत वर आला. एका सकाळी तिने दुकानातल्या रेडिओवर ते ऐकलं: शरदात जेवढा पडला होता तेवढा सगळा भरून निघाला, वर थोडा पुढेही गेला. ती डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या फडताळात लावत होती. तिने बाटल्या लावणं थांबवलं नाही. आपण बरोबर होतो, असा विचार मनात आला. त्याच्या पाठोपाठ असंही आलं, की हे आता कोणाला सांगायचं, आणि कोणत्या तोंडाने. तिचे स्वतःचे पैसे तर या सगळ्या काळात पडले आणि चढले होते आणि तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मंडळाचे पैसे मात्र खड्ड्यातच बाहेर काढले गेले. जे चुकलं होतं त्यात बाजाराचा काही दोष नव्हता, हे आता रेडिओनेही सांगून टाकलं.

दुपारी बुर्गी आली, पोटाचे थेंब न्यायला.

“लेंटमध्ये मासळी खाऊन खाऊन पोटात मासे पोहतायत,” ती म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून, “ऐकलंस ना रेडिओवर?”

“ऐकलं.”

“फेर्डलनेही ऐकलं. काल बिअर पीत बसलाय आणि म्हणतोय, झाड लावायचं आणि नाताळाला कापून आणायचं, मग फळ कुठून येणार. जसं काही त्यालाच सुचलंय.” तिने बाटली पिशवीत टाकली. “तू येत नाहीस ते बरं नाही दिसत, हेर्मी. लोकांना वाटतं तूच रागावलीस.”

“मी? मी कशाला रागावू?”

“मग ये.”

“माझ्या दंडाचं किती झालंय?”

बुर्गी पिशवीची नाडी ओढत थांबली. “तुला दंड नाही.”

“दर शुक्रवारी रिकामा आहे खण.”

“नाहीये रिकामा. मी आणि फेर्डल मिळून उघडतो पेटी, आम्ही बघतो ना. सतरा नंबरला दर आठवड्याला पाचाची नोट असते.”

“कोण टाकतं?”

“मला काय माहीत? मी नळाशी असते, माझी पाठ असते तिकडे.” बुर्गीने दार उघडलं आणि मग चौकातल्या थंडीत उभी राहूनच म्हणाली, “लांबीला दुमडलेली असते.”

शुक्रवारी हेर्मिनेने नदीकडचा रस्ता घेतला नाही.

चर्चच्या आवारातून खाणावळीकडे जाणारी एक पायवाट होती. ती तिथून गेली. बर्फ विरत चालला होता. आग्नेसच्या कबरीवर लाकडी क्रूस होता तसाच होता, थोडा डावीकडे कललेला, आणि पुढ्यात लाल काचेचा दिवा जळत होता. शेजारच्या सगळ्या कबरींवर दगड होते. ती थांबली नाही.

खाणावळीत शिरताना तिने हातमोजा काढला आणि दोन युरोचं एक नाणं मुठीत धरलं. दालनात आठदहा माणसं असतील. शेगडीजवळ पत्त्यांचा डाव चालू होता. बुर्गी खरंच पाठमोरी होती. हेर्मिने कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभी राहिली, कारण पेटीसमोर रूपर्ट होता.

त्याने दोन नोटा काढल्या. पहिली लांबीला एकदा दुमडली, मग पुन्हा एकदा, आणि नखाने घडी दाबली. वाकून, चष्मा कपाळावर चढवून त्याने खाच शोधली. सतरा. नोट आत गेली. त्याने लोखंडावर तळहाताची थाप मारली. मग दुसरी नोट, तशीच दुमडून, तेवीसमध्ये. पुन्हा थाप.

वळल्यावर त्याला ती दिसली. तो दचकला नाही.

“आलीस.”

“रूपर्ट, हे थांबवा. माझं मी टाकेन.”

“तुझं आजचं झालंय, पोरी.”

“तुम्ही कशासाठी…”

“कशासाठी म्हणजे? ते पाकिटातले पैसे तुझे आहेत. मी एकदम दिले तर तू घेत नाहीस. असे घेशील. पेटी कोणाला नाही म्हणत नाही.” त्याने चष्मा नाकावर आणला. “आणि तू येईपर्यंत खण रिकामा ठेवायचा का? तुझा बाप माझा खण कधी रिकामा ठेवायचा नाही.”

“आणि दगड?”

“माती अजून बसतेय. ओली झाली की क्रूस हलतो, म्हणजे घाई नाही.” तो कोट काढू लागला. एका बाहीत त्याचा हात अडकला. हेर्मिनेने ती ओढून दिली. “अजून बरेच शुक्रवार आहेत.”

शेगडीकडून फेर्डलने पत्त्यांवरून मान वर केली. त्याने हेर्मिनेला पाहिलं, मग पत्त्यांकडे पाहिलं, आणि शेजारच्या बाकावर ठेवलेली आपली टोपी उचलून मांडीवर घेतली. बाकावर एका माणसाची जागा झाली.

“दार लावा कोणीतरी,” तो म्हणाला. “गारठा येतोय.”

हेर्मिनेने दार लावलं. मग पेटीसमोर एक क्षण उभी राहिली. सतरा झालं होतं, तेवीस झालं होतं. मुठीतलं नाणं टाकायला आज कुठे जागा नव्हती. तिने ते कोटाच्या खिशात परत टाकलं. ते ओलं झालं होतं.